टेबल उंच झालं, पोटरीचं काय?

गोव्यात पर्वरी, पाटो आणि वेर्ण्याच्या ऑफिसांत, शिवाय घरून काम करणाऱ्यांच्या खोल्यांतही, बटण दाबलं की वर सरकणारी टेबलं दिसू लागली आहेत. जाहिराती दोन गोष्टी ठासून सांगतात: उभं राहिल्याने वजन उतरतं आणि ‘बसणं हे नवं धूम्रपान आहे’. पहिली गोष्ट आकड्यांत तपासता येते. अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज करून 2018 साली काढलेल्या हिशेबानुसार बसण्यापेक्षा उभं राहायला मिनिटाला सुमारे 0.15 किलोकॅलरी जास्त लागतात. म्हणजे 65 किलोच्या माणसाने दिवसाचे सहा तास उभ्याने काढले तर जास्तीचा खर्च 54 किलोकॅलरी. चार वाजताच्या चहाबरोबर एक पाव पोटात गेला की हिशेब उलटा. दुसरी घोषणा निव्वळ आरडाओरड आहे. सिगारेटचा धोका खुर्चीच्या कितीतरी पट मोठा आहे.

मग टेबल निरुपयोगी आहे का? नाही. पण त्याचा उपयोग समजायचा तर पोटाकडे न बघता गुडघ्याखाली बघायला हवं.

हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलतं, ते परत वर कसं येतं? 165 सेंटीमीटर उंचीच्या माणसात हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण 115 सेंटीमीटरचा रक्ताचा उभा स्तंभ असतो. रक्ताची घनता 1.06, पाऱ्याची 13.6. स्तंभाच्या 1150 मिलिमीटरना 1.06 ने गुणून 13.6 ने भागलं की 90 येतात. म्हणजे आपण पुतळ्यासारखे उभे असताना घोट्याच्या शिरेत सुमारे 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. खुर्चीत बसल्यावर स्तंभ आखूड होतो, दाब 55 ते 60 वर येतो. या एका बाबतीत स्थिर उभं राहणं बसण्याहून वाईट!

हा दाब उतरवण्याचं काम पोटरी करते. वरवर दिसणाऱ्या गॅस्ट्रोक्नेमियसच्या खाली सोलियस नावाचा चपटा स्नायू आहे. त्यातले बहुतेक तंतू हळू आकुंचन पावणारे, लवकर न थकणारे असतात आणि त्याच्या आत रुंद, पातळ भिंतींच्या शिरा रक्ताने भरलेल्या असतात. सगळ्या पोटरीभोवती न ताणणारं घट्ट आवरण असतं. टाच उचलली की सोलियस फुगतो, पण आवरण त्याला बाहेर पसरू देत नाही, म्हणून आतला दाब 200 मिलिमीटरच्या वर जाऊ शकतो आणि रक्त पिळून निघतं. ते वरच का जातं? शिरांत दोन पाकळ्यांच्या झडपा असतात, त्या खालची वाट बंद करतात. या झडपांचं सविस्तर वर्णन इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने 1603 मध्ये छापलं, पण त्याला वाटलं की त्या रक्ताचा ओघ नुसता मंदावतात. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने 1628 मध्ये त्यांचा खरा अर्थ लावला: वाट एकेरी आहे. हार्वेचा प्रयोग हातावर करता येतो. दंड हलकेच आवळा, पुढच्या हाताची फुगलेली शीर एका बोटाने दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सारत न्या आणि पुढची झडप ओलांडल्यावर ते दुसरं बोट उचला. मधला भाग रिकामाच राहतो, वरून परत भरत नाही.

सात-आठ पावलं चाललं की घोट्याचा दाब 90 वरून 30 च्या आसपास उतरतो. थांबलात की केशवाहिन्यांतून येणारं रक्त शिरा पुन्हा भरतं आणि अर्ध्याएक मिनिटात दाब पूर्वपदावर. या पंपाला साठवणीची टाकी नाही, चालू असेल तेवढाच वेळ फायदा. बंद राहिला की दाबामुळे रक्तातलं पाणी केशवाहिन्यांबाहेर झिरपतं. संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्यावर खोल रेघ दिसते ती हीच. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबा. खळगा तसाच राहिला तर पाणी साचलंय. वर्षानुवर्षं हे चाललं आणि शिरा रुंदावल्या की पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, झडप गळू लागते आणि शिरा गाठीसारख्या बाहेर दिसतात.

लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास इथे नेहमी सांगितला जातो. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी 1953 मध्ये दाखवलं की डबलडेकरच्या बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो. पण तो कंडक्टर उभा नव्हता, दिवसभर जिने चढत-उतरत होता. 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 83,000 लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदींतून हेच निघालं: नुसतं जास्त वेळ उभं राहिल्याने हृदयविकाराचा धोका कमी झाला नाही, उलट दोन तासांपुढे शिरांच्या आणि रक्ताभिसरणाच्या तक्रारी वाढल्या.

म्हणून कपड्यांच्या दुकानातल्या मुलींना, औषधांच्या दुकानदाराला, कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्यांना उंच टेबल नको, स्टूल हवं. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला, ते शरीरशास्त्राला धरूनच आहे.

आणि ‘बसल्या बसल्या पाय हलवू नको, घरात पैसा टिकत नाही’ हे घराघरांतलं दटावणं? 2016 मध्ये मिसूरी विद्यापीठात 11 तरुणांना तीन तास बसवलं. एक पाय मिनिटभर हलवायचा, चार मिनिटं थांबायचं. दुसरा पाय अगदी स्थिर. स्थिर पायात गुडघ्यामागच्या रोहिणीची रुंदावण्याची क्षमता घसरली, हलत्या पायात टिकली. माणसं थोडी होती हे खरं, पण लक्ष्मी पाय हलवल्याने जाते याला तर एवढाही पुरावा नाही.

आता कृती. उभं राहण्याची वेळ सुरुवातीला 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पहिल्याच दिवशी चार तास उभे राहिलात तर तिसऱ्या दिवशी टाचा ठणकतात आणि टेबल कायमचं खाली येतं. गुडघे मागे ताठ अडकवू नका. 10-15 सेंटीमीटरच्या पाटावर एक पाय ठेवा, थोड्या वेळाने दुसरा; कमरेचा बाक कमी होतो. दर अर्ध्या तासाला 15 वेळा टाचा उचला, मग दोन-तीन मिनिटं चाला. उंच टेबल नसेल तरी बसून टाचा उचलता येतात, आणि तेव्हा काम बहुतेक सोलियसच करतो, कारण गुडघा वाकल्यावर गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो. दुपारी हुमण-भात जेवून लगेच खुर्चीत कलंडण्याऐवजी पाच मिनिटं फिरलात तर रक्तातली साखरही कमी चढते. शिरा आधीच फुगलेल्या असतील किंवा एकच पाय अचानक सुजला असेल तर यातलं काही न करता डॉक्टरांकडे जा.

टेबलाची उंची कोपराच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली ठेवा. 160 सेंटीमीटरच्या व्यक्तीला ती साधारण 97-98 पडते, चपलेची जाडी वेगळी. लॅपटॉप तसाच वापरलात तर मान खाली जाणारच. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड वेगळा जोडा. विकत घेताना सगळे कमाल उंची विचारतात, किमान विसरतात. दोन टप्प्यांचे (एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे) पाय 70-72 सेंटीमीटरच्या खाली उतरत नाहीत, बुटक्या माणसाला बसल्यावर ते उंच पडतं. तीन टप्प्यांचे 62 पर्यंत येतात.

गोव्यात खरा शत्रू पावसाळा. भुशाच्या दाबीव फळीला जून ते सप्टेंबर ओल लागली की स्क्रूची भोकं फुगतात, स्क्रू सैल पडतात, आणि उंचीवर टेबल डुगडुगतं. मरीन प्लाय घ्या, कडा सील करून घ्या, आणि पहिल्या पावसानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळा. मोटर सतत चालवायची नसते. बहुतेकांवर दोन मिनिटं चालू, अठरा मिनिटं बंद असं लिहिलेलं असतं. टेबल वर जात असताना वीज गेली तर दोन पायांचा मेळ चुकून फळी तिरकी होऊ शकते. वीज आल्यावर खालचं सगळं सामान हलवा आणि ‘खाली’ बटण टेबल तळाला टेकेपर्यंत दाबून धरा. वायरी मात्र टेबल सर्वांत वर असताना मोजा, नाहीतर पहिल्याच खेपेला प्लग निघून येतो.