अमेरिकन लीग ईस्ट: क्रम आधी सांगणं इतकं अवघड का

१९९८ ते २००३ अशी सलग सहा वर्षं अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधल्या अमेरिकन लीग ईस्ट या विभागाचा अंतिम तक्ता तंतोतंत सारखा लागला. न्यूयॉर्क यांकीज पहिले, बॉस्टन रेड सॉक्स दुसरे, टोरोंटो ब्लू जेज तिसरे, बाल्टिमोर ओरिओल्स चौथे आणि टॅम्पा बे डेव्हिल रेज तळाला. पाच संघांचे १२० वेगवेगळे क्रम होऊ शकतात. त्यांतला एकच सहा वेळा आला. त्या काळात एखाद्याने दरवर्षी मागच्या वर्षीचाच तक्ता भाकीत म्हणून छापला असता, तरी तो खरा ठरला असता. बेसबॉलचं भाकीत म्हणजे सोपं काम, असा समज अशाच वर्षांमधून पसरतो.

विभाग ही कल्पना तशी उशिराची. १९६८पर्यंत अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये सगळे संघ एकाच यादीत असायचे आणि पहिला येणारा थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम लढतीत जायचा. १९६९ला संघ वाढले, दोन्ही लीगचे ईस्ट आणि वेस्ट असे भाग पडले. १९९४मध्ये प्रत्येक लीगचे तीन विभाग झाले आणि १९९८ला नवा कोरा टॅम्पा बे संघ ईस्टमध्ये आला. खजिना यांकीज आणि रेड सॉक्सकडे, बाकीचे त्यांच्या मागे, हे समीकरण तिथून पक्कं झालं.

पण तो एकसारखा तक्ता उघडून बघितला पाहिजे. २००० साली यांकीज ८७ सामने जिंकून पहिले आले. रेड सॉक्सचे ८५ विजय, ब्लू जेजचे ८३. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या संघात फक्त चार विजयांचं अंतर, तेही १६२ सामन्यांच्या हंगामात! आदल्या-नंतरच्या वर्षांसारखाच क्रम दिसतो, म्हणून ही चुरस कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या मते भाकितांच्या सगळ्या इतिहासाचं मर्म इथे आहे. संघ किती चांगला आहे हे बऱ्यापैकी सांगता येतं. तो कितवा येईल हे मात्र शेजारी काय करतात त्यावर आणि दोन-चार सामन्यांच्या नशिबावर ठरतं.

हे नशीब मोजताही येतं. प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक, असा अगदी मध्यम ताकदीचा संघ धरा. सरासरीने तो ८१ सामने जिंकेल. पण तोच संघ, त्याच ताकदीने, तीनपैकी साधारण दोन हंगामांत ७५ ते ८७च्या दरम्यान कुठेही थांबू शकतो, आणि उरलेल्या एका हंगामात त्याच्याही बाहेर. विभागातल्या दोन संघांत पाच विजयांचा फरक वर्तवला, तर तो उलटायला काहीच वेगळं घडावं लागत नाही.

या विचाराला आकार दिला बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी. कॅन्ससमधल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करता करता त्यांनी आकडे मांडले. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज: एवढ्याशा सूत्रातून संघाने किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते कळतं. पायथागोरसच्या प्रमेयाशी साम्य दिसतं म्हणून त्याला त्याचंच नाव मिळालं. तक्त्यातले विजय आणि धावांनी कमावलेले विजय यांत फरक असतो, ही जाण त्यातून आली. याच जेम्स यांना रेड सॉक्सने पुढे सल्लागार म्हणून घेतलं. २००४ला बॉस्टनने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. भाकिताची साधनं आता विभागाच्या आतच कामाला लागली होती.

२००३मध्ये संख्याशास्त्रज्ञ नेट सिल्व्हर यांची पेकोटा ही भाकिताची पद्धत आली. प्रत्येक खेळाडूसाठी पूर्वीचे त्याच्यासारखे खेळाडू शोधायचे, वय वाढल्यावर त्यांचं काय झालं ते बघायचं आणि एका आकड्याऐवजी शक्यतांचा पट्टा द्यायचा, ही तिची रीत. २००८ हे तिच्या गाजलेल्या वर्षांपैकी एक. आदल्या वर्षी ६६ विजयांवर तळाला राहिलेला टॅम्पा बे संघ निम्म्याहून बरेच जास्त सामने जिंकेल, असं तिने सांगितलं. बहुतेकांना ते पटलं नाही. संघ ९७ विजय मिळवून विभागात पहिला आला. सुमारे ४.४ कोटी डॉलर पगारखर्चाचा संघ २०.९ कोटींच्या यांकीजच्या पुढे गेला! आणि कसा? टॅम्पा बेच्या धावा ७८२वरून ७७४ झाल्या, म्हणजे उलट घटल्या. दिलेल्या धावा मात्र ९४४वरून ६७१वर आल्या. मॅट गार्झा हा पिचर (चेंडू फेकणारा) आणि जेसन बार्टलेट हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आला, इवान लाँगोरिया तिसऱ्या बेसवर उभा राहिला, चेंडू अडवले जाऊ लागले. तक्त्यात न दिसणारी ही सुधारणा आकड्यांना दिसली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

चारच वर्षांनी उलटा धडा मिळाला. २०१२च्या ओरिओल्सनी ७१२ धावा केल्या आणि ७०५ दिल्या. जेम्स यांच्या सूत्राने ८२ विजय, प्रत्यक्षात ९३. एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत त्यांनी २९ जिंकले आणि फक्त ९ गमावले. असं काही आधी सांगू शकेल अशी पद्धत नाही. त्याच वर्षी ६९ विजयांसह तळाला गेलेले रेड सॉक्स पुढच्या वर्षी ९७ विजय आणि विजेतेपद घेऊन आले.

अलीकडे नियमांनीही गणित बदललं. पूर्वी विभागातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी १९ सामने व्हायचे, २०२३पासून १३. बाहेरच्या संघांशी होणारे सामने वाढले. शिवाय बरोबरी झाली तर निर्णायक सामना खेळवण्याची जुनी पद्धत २०२२ला गेली. १९७८मध्ये यांकीज आणि रेड सॉक्स ९९-९९ विजयांवर अडकले, तेव्हा बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानात एक जादा सामना होऊन यांकीजनी ५-४ने विभाग जिंकला होता. २०२५ला ब्लू जेज आणि यांकीज दोघांचेही ९४ विजय झाले. आदल्या वर्षी शेवटच्या क्रमांकावर असलेल्या टोरोंटोला पहिलं स्थान मिळालं, कारण आपसातल्या १३ सामन्यांपैकी ८ त्यांनी जिंकले होते.