बेस चालतो कधी आणि घुमतो कधी

१९५९ साली न्यूयॉर्कमध्ये जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ग्रुपने 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम रेकॉर्ड केला. त्यातला पहिलाच ट्रॅक 'सो व्हॉट' आणि पुढे येणारा 'ऑल ब्लूज', हे दोन्ही एकामागोमाग ऐका आणि फक्त बेसकडे, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या तंतुवाद्याकडे, लक्ष ठेवा. वाजवणारा माणूस तोच आहे, पॉल चेंबर्स, अगदी तरुण पोरगा (ऑल ब्लूज रेकॉर्ड झालं त्या २२ एप्रिलला त्याला २४ वर्षं पूर्ण झाली!), पण दोन्हीकडे त्याचं काम पार वेगळं आहे. 'सो व्हॉट'मध्ये सोलो (एकेका वादकाचं आयत्या वेळचं वादन) सुरू झाले की तो प्रत्येक मात्रेला एक सूर असा चालत सुटतो, थांबायचं नावच नाही. 'ऑल ब्लूज'मध्ये मात्र एक छोटासा तुकडा धरतो आणि बहुतेक वेळ तोच फिरवत राहतो. पहिल्याला म्हणतात वॉकिंग लाइन, दुसऱ्याला ग्रूव्ह.

आपला मेंदू गाणं ऐकताना सतत अंदाज बांधत असतो, पुढचा ठोका कधी येणार आणि कुठला सूर येणार, आणि माझ्या मते वॉकिंग आणि ग्रूव्हमधला खरा फरक हाच की दोघं या दोन अंदाजांपैकी वेगवेगळा अंदाज पक्का करतात. वॉकिंगमध्ये 'कधी' ठरलेलं असतं, एक-दोन-तीन-चार, पण 'कुठला' हे शेवटपर्यंत मोकळं. ग्रूव्हमध्ये बरोबर उलटं, सूर दोन फेऱ्यांत पाठ होतात आणि गंमत चालते ती वेळेशी, म्हणजे एखादा सूर मात्रेच्या जरा आधीच टाकायचा, एखाद्या मोठ्या मात्रेवर मुद्दाम गप्प बसायचं.

वॉकिंग कसं बनतं ते एका उदाहरणाने बघू. समजा कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) आहेत डी मायनर सेव्हन, मग जी सेव्हन, मग सी मेजर. बेसवाला वाजवेल डी, एफ, ए, ए फ्लॅट, पुढच्या बारमध्ये (म्हणजे पुढच्या चार मात्रांत) जी, बी, डी, डी फ्लॅट, आणि मग सी. पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ सूर आला की बाकीच्यांना कळतं आपण कुठे आहोत. मधले दोन कॉर्डमधलेच, आणि चौथ्यावर येतो तो सगळ्यात भारी, कारण ए फ्लॅट हा त्या कॉर्डचा नाहीच, तो जीच्या अर्धा सूर वर उभा आहे आणि कानाला खाली ओढतोय. ही ओढ दर बारला लागते म्हणून ओळ पुढे सरकते, नाहीतर चार सारखे ठोके म्हणजे नुसता मेट्रोनोम झाला असता. हे सगळं आयत्या वेळी सुचावं लागतं बरं का, मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत एका सुराला मिळतो फक्त ०.३ सेकंद.

आता हे काम बेसकडेच का? डबल बेसची सगळ्यात खालची उघडी तार साधारण ४१ हर्ट्झला कंप पावते, म्हणजे त्या ०.३ सेकंदात जेमतेम १२ वेळा हलते. असल्या खालच्या सुराने वेळ दाखवायची हे ऐकायला उलटंच वाटतं, पण २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी लोकांना एक वरचा आणि एक खालचा सूर एकत्र, ठरावीक अंतराने ऐकवले आणि मधूनच दोघांपैकी एक ५० मिलिसेकंद लवकर वाजवला. खालचा सूर लवकर आला तेव्हा मेंदूची प्रतिक्रिया जास्त मोठी होती, बोटाने ताल धरणारेही खालच्या सुराच्याच मागे जास्त गेले. त्यांच्या मते याचं मूळ आतल्या कानाच्या रचनेतच आहे. म्हणून बेस घाईत असला तर अख्खा बँड घाईत वाटतो, आणि ड्रमर चुकला तर बेस त्याला सांभाळून घेऊ शकतो.

वॉकिंग रुळलं ते १९३० च्या दशकात, आणि त्यात काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्या वॉल्टर पेजचं नाव पहिलं घ्यायला हवं. बेसने चारही मात्रा उचलल्या तसा ड्रमर जो जोन्स मोकळा झाला, ठेका पायातल्या मोठ्या ड्रमवरून झांजेवर गेला आणि सगळा बँड हलका वाजायला लागला. तेव्हा तारा आतड्याच्या असायच्या, सूर ठप्पकन वाजून विरायचा. पुढे स्टीलच्या तारा आणि पिकअप (तारेचा कंप अँप्लिफायरकडे पोचवणारं साधन) आले तसा सूर लांब टिकायला लागला, आणि मग बेसवाल्याला सूर कधी सुरू करायचा याच्याबरोबर कधी तोडायचा हेही ठरवता यायला लागलं, जे ग्रूव्हसाठी फार महत्त्वाचं, कारण तिथली शांतता पण वाजते.

ग्रूव्ह ऐकून अंग का हलतं यावरही काम झालंय. २०१४ मध्येच संशोधक मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी लोकांना ड्रमचे वेगवेगळे ठेके ऐकवले, काही अगदी सरळ, काही खूप आडवळणी. नाचावंसं सगळ्यात जास्त वाटलं ते मधल्या ठेक्यांना. फार सरळ असेल तर मेंदूला करायला काही उरत नाही, फार आडवा असेल तर मूळ मात्राच हरवते. मधल्यात मात्र न वाजलेली मात्रा आपण स्वतःच्या मानेने, पायाने भरून काढतो.

दोन्ही एकाच गाण्यात हवं असेल तर डिझी गिलेस्पीचं 'अ नाइट इन ट्युनिशिया' लावा. मुख्य भागात बेस एकच वळणदार तुकडा घुमवत राहतो, मग ब्रिज, म्हणजे गाण्याचा मधला वेगळा भाग, येतो आणि बेस चालायला लागतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ती ४१ हर्ट्झ वगैरे जवळजवळ येतच नाहीत, मेंदू वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराबरोबर वाजणाऱ्या वरच्या सुरांवरून) खालचा सूर ओळखून घेतो, पण जमलं तर हेडफोन लावा आणि ब्रिज सुरू होताना झांजेकडे पण कान द्या, बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये ड्रमरही त्याच क्षणी ठेका बदलतो.