होडीचं पेट्रोल घड्याळावर मोजावं

‘लिटरला किती जाते?’ हा प्रश्न रस्त्यावरच्या गाडीला शोभतो. पाण्यावर त्याचं एकच एक उत्तर नसतं. तीच होडी, तेच इंजिन, तेवढीच माणसं. नुसता वेग बदलला तरी लिटरमागचं अंतर निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या छोट्या बोटींचा हिशेब तासाला किती लिटर असा मांडतात.

ढोबळ आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. पूर्ण थ्रॉटलवर (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा खटका पूर्ण उघडून) चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण एक तृतीयांश लिटर पितं. म्हणजे 15 अश्वशक्तीचं इंजिन तासाला 5 लिटरच्या आसपास. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या दोन-स्ट्रोकला तेवढ्याच कामासाठी बरंच जास्त लागतं. त्यात ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असताना धूर बाहेर जायची वाटही उघडीच असते, आणि मिश्रणाचा जवळजवळ पाव हिस्सा न जळताच निसटतो.

लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 9 किलोवॅट-तास ऊर्जा असते. त्यातली जेमतेम पाव इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोचते, उरलेली उष्णता होऊन जाते. पुढे पाण्यातला पंखा (प्रोपेलर) त्यातली निम्मी पाणी घुसळण्यात घालवतो. बोट पुढे ढकलायला उरतो सातवा-आठवा हिस्सा.

हा हिस्सा कशावर खर्च होतो, ते वेगावर ठरतं. संथ चालणारी बोट पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःच लाटा उठवते. वेग वाढतो तशी या लाटेची लांबी वाढते. ती बोटीच्या लांबीएवढी झाली की बोट आपल्याच लाटेच्या चढावर अडकते. हा वेग पाण्यातली लांबी मीटरमध्ये घेऊन, तिचं वर्गमूळ काढून, त्याला 2.4 ने गुणलं की नॉटमध्ये मिळतो (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे 1.85 किलोमीटर). 5 मीटरच्या बोटीला तो साडेपाच नॉटच्या थोडा खाली येतो. लाटांच्या या विरोधाचा पद्धतशीर अभ्यास विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याने 1870 च्या दशकात केला, तोही लांबलचक हौदात लहान प्रतिकृती ओढून.

सपाट बुडाची हलकी बोट पुरेसं बळ मिळालं की हा चढ ओलांडते आणि पाण्यावरून घसरत धावू लागते. खरा खादाड टप्पा मधला आहे: नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर, मागचा भाग खोल रुतलेला, मागे मोठी लाट. उदाहरणादाखल वरच्याच 5 मीटरच्या बोटीचे अंदाजी आकडे घेऊ. 5 नॉटला तासाला सव्वा लिटर लागलं, तर सागरी मैलाला पाव लिटर पडतं. 8 नॉटला 4 लिटर लागले, तर मैलाला अर्धा लिटर. 16 नॉटला धावताना तेच 4 लिटर लागले, तर पुन्हा पाव लिटर. मधल्या वेगाने ‘जपून’ चालवणारा सगळ्यात जास्त पेट्रोल जाळतो. एकतर निवांत चालावं, नाहीतर सरळ धावावं. ओझं इतकं असेल की बोट धावणारच नाही, तर थ्रॉटल मागे घ्यावा हे बरं.

मागे घेतल्याचा फायदाही दणदणीत असतो. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे निम्मे केले की शक्ती आठवा हिस्सा पुरते. कमी भारावर इंजिनाची कार्यक्षमता घसरते, म्हणून पेट्रोल तेवढं कमी होत नाही, पण चौथ्या-पाचव्या हिश्शावर सहज येतं.

आता टाकी. अगदी लहान इंजिनांच्या डोक्यावर लिटर-दीड लिटरची टाकी असते. पुढच्या टप्प्यावर 12 किंवा 25 लिटरची सुटी प्लॅस्टिकची टाकी, नळी आणि पेट्रोल चढवायचा रबरी फुगा. त्याहून मोठ्या बोटीत पक्की बसवलेली टाकी. छोट्या बोटीसाठी माझं मत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्यांना. एकीत पाणी किंवा कचरा गेला तर दुसरी हाताशी राहते, आणि पहिली संपली की नेमकं किती गेलं हे काट्यावर विसंबून न राहता कळतं. शिवाय उचलून किनाऱ्यावर नेऊन भरता येतात, आणि भरायच्या त्या तिथेच, जमिनीवर ठेवून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. बोटीत सांडलेल्या पेट्रोलची वाफ तळाशी साचून एका ठिणगीची वाट पाहते.

25 लिटर म्हणजे साधारण साडेअठरा किलो. चालवणारा मागे, इंजिन मागे, वर टाकीही मागे, मग नाळ उचलली जाते आणि बोट त्या खादाड टप्प्यातच अडकते. टाकी थोडी पुढे सरकवली की फरक दिसतो. पक्की टाकी रुंद आणि उथळ असू नये. अर्धी भरलेली असताना पेट्रोल कललेल्या बाजूला धावतं आणि बोट आणखी कलते. हा परिणामही रुंदीच्या घनाने वाढतो, त्यामुळे मधोमध, बोटीच्या लांबीच्या दिशेने, उभा पडदा घालून टाकीचे दोन भाग केले की तो चौथ्या हिश्शावर येतो.

टाकी काठोकाठ भरू नये. 25 लिटर पेट्रोल 25 अंशांनी तापलं की अर्ध्या लिटरहून अधिक फुगतं. सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असेल तर तो निघताना उघडायचा. बंद राहिला तर आत निर्वात तयार होतो आणि इंजिन थोडा वेळ छान चालून मरतं. यात भलेभले फसतात, आणि मग स्पार्क प्लग काढून बसतात. तळाचं थोडं पेट्रोल नळीला कधीच मिळत नाही, तेही हिशेबातून वजा करायचं.

एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेलं राखीव, हा जुना नियम चांगला आहे, पण प्रवाह जोरात असेल तर तोही पुरत नाही. 5 नॉटने चालणारी बोट 2 नॉटच्या प्रवाहाबरोबर 12 सागरी मैल गेली, तर तिला पावणेदोन तास लागतील. परतीला तिचा खरा वेग 3 नॉट, म्हणजे 4 तास. जाताना तिसरा हिस्सा संपला असेल, तर येताना राखीवसकट सगळं संपवूनही ती घाटापर्यंत पोचणार नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा आधी प्रवाहाच्या विरुद्ध जावं, आणि परत फिरायची वेळ किती अंतर कापलं यावरून न ठरवता टाकीत किती तासांचं उरलं आहे यावरून ठरवावी.