जुनी एअर-कूल्ड पोर्शे रस्त्यावर आणि ट्रॅकवर: कोल्हापुरात कागद कसे लावायचे

आधी आकडे बघू. परदेशी बनावटीची चारचाकी वीस वर्षांवरची असेल, तर तिची नोंदणी पुढे चालू ठेवायला ऑगस्ट २०२५ पासून ८०,००० रुपये फी आहे, आणि तीही पाच वर्षांपुरती. तीच गाडी पन्नास वर्षांवरची असेल आणि व्हिंटेज म्हणून नोंदली, तर दहा वर्षांचे २०,००० रुपये. मुदत संपल्यावर पुन्हा नोंदणीला ५,०००. हे ऐकलं की माणूस थेट व्हिंटेजच्या रांगेत उभा राहतो. थांबा. गाडीच्या इंजिनात, सस्पेन्शनमध्ये काही सुधारणा करायचं डोक्यात असेल, तर ही स्वस्त वाट तुमच्यासाठी बंद होऊ शकते. म्हणून पाना हातात घेण्याआधी कागदावर ही गाडी कोण असणार आहे ते ठरवा. उद्यमनगरातला मिस्त्री चार दिवसांत इंजिन उतरवेल. आरटीओतली चूक निस्तरायला मात्र वर्ष जातं.

इथे मी पोर्शे ९११ धरून लिहितोय. १९६४ पासून १९९८ पर्यंत तिचं इंजिन हवेवर आणि तेलावर थंड होत असे, पाण्याचा रेडिएटर नव्हताच. ९१२, ९१४, जुनी बीटल किंवा कारमन घिया असली तरी कागदांचे नियम हेच. गाडी भारतातच आहे आणि तिला आधीचं आरसी बुक आहे, असं गृहीत धरलंय. परदेशातून नवीन आणायची असेल तर तो वेगळा आणि महागडा विषय आहे.

व्हिंटेज कोण आणि कोण नाही

१५ जुलै २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने दुचाकी आणि चारचाकीसाठी व्हिंटेज नोंदणी आली. पहिली विक्री होऊन पहिल्यांदा नोंदणी झाली, त्या तारखेपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली असावीत. ही झाली सोपी अट. दुसरी अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. रुंद फेंडर लावलेली, पुढे मागे फायबरचे बंपर चढवलेली, मूळ दोन लिटरच्या जागी ३.२ लिटरचं इंजिन बसवलेली गाडी या व्याख्येत बसत नाही, मग ती १९६९ ची का असेना.

अर्ज फॉर्म २० मध्ये. सोबत विम्याची पॉलिसी, फी, गाडी भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनं आरसी, आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेली मालिका मिळते. विकायची झाली तर विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने नव्वद दिवसांत कळवायचं.

आणि बंधन? व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, बस. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक बाहेर येते तेव्हा अख्खं कोल्हापूर तिला बघायला उभं असतं. व्हिंटेज गाडीचं आयुष्य साधारण तसंच असतं. रविवारी सकाळी पन्हाळ्याला मिसळ खायला जाणं त्यात बसत नाही. म्हणून ज्यांना गाडी खरंच चालवायची आहे, त्यांनी ८०,००० चा रस्ता पत्करावा असं माझं मत आहे. महाग आहे, पण गाडी रस्त्यावर असते.

आरसीवर जे छापलंय त्याला हात लावू नका

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मूळ दिलेला तपशील आणि आरसीवरचा तपशील यात तफावत पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए आलं. परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'दर फेरफारामागे' हे शब्द नीट वाचा.

कायद्यातली गंमत अशी की कलम ५२ मध्येच मान्यताप्राप्त किट लावून गाडी सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर चालवायला वाट ठेवलेली आहे. म्हणजे कागदोपत्री पोर्शे गॅसवर नेण्याचा विचार करता येतो, मोठे पिस्टन घालण्याचा नाही.

मग नेमकं काय अडतं? आरसी उघडा आणि ओळीने वाचा: चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी, सिलिंडर, इंधन, आसनक्षमता, रिकामं वजन, रंग. आता गणित करा. सुरुवातीच्या ९११ चं बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६६ मिमी, म्हणजे १९९१ सीसी. त्यात ८४ मिमीचे पिस्टन-सिलिंडर घातले की २१९५ सीसी झाले. बाहेरून इंजिन तेच, नंबरही तोच, पण आरसीवरचा आकडा खोटा ठरला. दोन्ही मापं एकाच कंपनीची म्हणून मंजुरी मिळेल, हे गृहीत धरू नका.

त्याहून नाजूक गोष्ट क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याची. १९६८ ते १९७७ च्या बहुतेक ९११ मध्ये केस मॅग्नेशियमची आहे. तापून ती नरम पडते आणि सिलिंडर हेड धरून ठेवणारे लांब बोल्ट (स्टड) आट्यांसकट उपटून येतात, २.७ लिटरच्या इंजिनांत तर फारच. यावर इलाज म्हणजे आट्यांत स्टीलच्या बुशी बसवणं, आणि हे काम शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या चांगल्या मशीन शॉपला अवघड नाही. जुनी केस वाचली तर इंजिन नंबर वाचला. नंबर त्या केसवरच, पंख्याच्या शेजारी कोरलेला असतो. केसच बदलली तर नंबर बदलला, म्हणजे आधी लेखी परवानगी, नव्या केसचं खरेदीचं बिल, आयात असेल तर कस्टमचे कागद, आणि बदल झाल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणं. जुना नंबर घासून नवीन केसवर ठोकायचा सल्ला देणारे भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा. तो फेरफार राहत नाही, सरळ फौजदारी प्रकरण होतं.

सीटचं कुणाच्या लक्षात येत नाही. ९११ मागे दोन छोट्या सीट असलेली गाडी आहे आणि आरसीवर आसनक्षमता चार लिहिलेली असते. वजन कमी करायला मागच्या सीट काढून तिथे रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) उभा केला की तपासणीत पहिली नजर तिथेच जाते. शिवाय हेल्मेटशिवाय रोज रस्त्यावर चालवताना डोक्याजवळ लोखंडी नळी असणं हे धोक्याचंच आहे. स्क्रूने काढता-बसवता येणारा केज घ्या, तो ट्रॅकच्या आदल्या दिवशी बसवा, आल्यावर काढा.

याउलट कितीतरी सुधारणा आरसीच्या एकाही रकान्याला धक्का लावत नाहीत, आणि गाडी खरी सुधारते ती यांनीच. १९८४ पासून कारखान्यातूनच आलेले हायड्रॉलिक चेन टेन्शनर (इंजिनातली चेन ताणून धरणारे) जुन्या इंजिनाला बसतात. जुने टेन्शनर निकामी झाले की चेन सैल होते आणि इंजिन जातं, त्यामुळे हा खर्च सगळ्यात आधी. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पुढच्या फेंडरमध्ये जादा ऑइल कूलर. हा चैनीचा भाग नाही, कारण एप्रिलच्या दुपारी कावळा नाक्याला गाडी अडकली की या इंजिनाला थंड करायला तेलच असतं. सस्पेन्शनला जाड टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या), नवीन बुश, चांगले ब्रेक पॅड. आणि तेल तपासताना इंजिन गरम आणि चालू असताना बघा, ड्राय संपची गाडी आहे, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशी न राहता वेगळ्या टाकीत असतं.

आरटीओत काय आणि कोणत्या क्रमाने

ताराबाई पार्कातल्या आरटीओत जाण्याआधी घरी बसून एकच गोष्ट करा: परिवहनच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून ती दिसते का बघा. जुन्या हाताने लिहिलेल्या आरसी बुकाच्या गाड्या अनेकदा ऑनलाइन नोंदीत नसतात. नसेल तर पहिलं काम बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या आरसीची माहिती ऑनलाइन चढवून घेणं. ती झाल्याशिवाय नूतनीकरण, नावबदल, फेरफार यांतला एकही अर्ज पुढे सरकत नाही. सोबत आधारशी जोडलेला मोबाइल नंबर टाकून घ्या, ओटीपी त्यावरच येतात.

गाडी मुंबईची किंवा परराज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाची एनओसी फॉर्म २८ वर, नावबदल फॉर्म २९ आणि ३० वर. दुसऱ्या राज्यातली असेल तर इथला नवीन नंबर घ्यायला फॉर्म २७. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र लागतंच, आणि फेरफारालाही बँकेची लेखी संमती लागते.

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५. मुदत संपण्याआधी साठ दिवसांत करता येतो. उशीर झाला तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये जादा. महाराष्ट्रात यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो, तो भरल्याची पावती जोडा. बाकी कागद ओळखीचे: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, पॅन. २०१९ आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बंधनकारक आहे.

मग गाडी पासिंगला. तपासणीत चेसिस नंबर हवा असतो आणि ९११ च्या मालकाचा घामटा इथेच निघतो. तो पुढच्या डिकीत पेट्रोलच्या टाकीमागे, कार्पेटखाली असतो, आणि पन्नास वर्षांच्या रंगांच्या थरांनी तो वाचता येत नाही. आदल्या दिवशी केरोसिनने पुसून, पेन्सिलने कागदावर छाप घेऊन ठेवा. नंबर कुठे आहे हे निरीक्षकांना आपणच दाखवायचं. त्यांच्याकडे दिवसाला किती ९११ येत असतील! डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी आहे म्हणून कुणी अडवलं, तर कलम १२० नम्रपणे दाखवा: इंडिकेटर चालू असतील तर अशी गाडी चालते. म्हणून इंडिकेटर चालू ठेवा.

पीयूसीत २००० सालच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. दोन वेबर कार्बोरेटर नीट जुळवलेले असतील तर ही जमते, पण इंजिन पूर्ण गरम करून मगच नळी लावू द्या. पेट्रोलचंही लक्ष ठेवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीच्या जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या बसवा. इंजिन मागे असलेल्या गाडीत गळकी नळी म्हणजे आग.

विमा आणि ट्रॅक

खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी, पेसमेकिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नसतं. हे पॉलिसीवर छापलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. रॅलीसाठी वेगळं एंडोर्समेंट घेता येतं, ट्रॅकवरच्या नुकसानीचा धोका मात्र बहुधा स्वतःच्याच खिशातून जातो. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा बिलं, फोटो आणि सुधारणांची यादी जपून ठेवा आणि ती यादी कंपनीला लेखी द्या. लपवलेली सुधारणा दाव्याच्या वेळी उघडी पडते.

ट्रॅक म्हणजे करूळ घाट नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोल्हापूरला मोटरस्पोर्टचा नाद जुना आहे, हुपरीजवळ कार्टिंगचा ट्रॅकही आहे. पण ९११ मोकळी सोडायची तर कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरचा ट्रॅक. कोइमतूर इथून हजारेक किलोमीटर आहे.

स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, कॉम्पिटिशन लायसन्स लागतं. हा अर्ज आरटीओचा नाही, संघटनेकडे ऑनलाइन करायचा. वयाचा पुरावा, फोटो आणि डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. नुसत्या ट्रॅक डेला, म्हणजे स्पर्धेविना ट्रॅकवर गाडी चालवण्याच्या दिवसाला, आयोजकाचे नियम लागतात, ते प्रत्येक वेळी वेगळे असतात. हेल्मेट, अग्निशामक आणि पुढे-मागे टो हुक मात्र बहुतेक सगळे मागतात.

आणि ज्यांनी गाडी निव्वळ ट्रॅकसाठीच बांधली आहे, मोठे पिस्टन, मोकळी बॉडी, रोल केज सगळं करून बसले आहेत, त्यांनी ती रस्त्यावर आणूच नये. तिला फ्लॅटबेडवर चढवून न्या आणि फ्लॅटबेडवरच परत आणा. नोंदणी संपलेली गाडी ट्रॅकपर्यंत 'फक्त एवढंच' म्हणून चालवली, तर ती रस्त्यावरची विनानोंदणी गाडीच ठरते. अशा गाडीचं आरसी घाईने रद्दही करू नका. कागद एकदा गेला की मूळ केस, मूळ पिस्टन आणि मागच्या सीट परत बसवूनही तो सहजी परत मिळत नाही. त्या काढलेल्या वस्तूंवर नावाची चिठ्ठी लावून, ग्रीस फासून, खोक्यात भरून माळ्यावर ठेवा.