मळीची (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीची) कड तुटतेय? काम सांगण्याआधी हे वाचा
(कृष्णा-वारणा काठच्या शेतकरी ग्राहकांसाठी)

पूर चढताना कड तुटते, त्याहून जास्त ती पाणी उतरताना तुटते. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. असं पाणी दिवसचे दिवस मुरलं की काळी माती भिजून जड होते. मग बाहेरून टेकू देणारं पाणी झपाट्याने ओसरतं आणि ऊस, पाइपलाइन, कधी मोटारीच्या चौथऱ्यासकट दरड खाली बसते.

पण मूळ दुखणं पायथ्याला असतं. वळणावर बाहेरच्या काठाला धार लागते, तिथे डोह पडतो. समोर आतल्या बाजूला मळई (वाळू-गाळाचा थर) वाढते. वाळूउपशाने पात्र खोल गेलं असेल तर काठ आणखी उंच, उभा होतो. म्हणून नुसती वरून काँक्रीटची भिंत बांधायचं काम आम्ही घेत नाही. पायथा उघडा राहिला की ती भिंतच नदीत जाते, आणि तिच्यामागे तुंबलेल्या पाण्याचा दाब वेगळाच.

आम्ही काम उन्हाळ्यात करतो. आधी काठ तासून एक फूट उंचीला दीड-दोन फूट आडवा उतार काढतो. यात तुमची थोडी जमीन जाते, हे आधीच सांगून ठेवतो. उतारावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे गाळणीसारखं कापड: पाणी झिरपून जातं, माती मागे राहते. पायथ्याला तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियन, आणि त्यांच्यापुढे तळावर सुटा दगड. तळ खचला तर हा दगड घसरून तो खड्डा झाकतो. जाळी जस्त आणि पीव्हीसीचा मुलामा असलेलीच हवी. साधी तार गंजते, तिथे पैसे वाचवू नका.

वरच्या भागात वाळा, करंज, बांबू. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, पण पुराआधी ती रुजली तर! तोवर पाणी द्यायचं काम तुमचं. ओलीजवळ वाळुंजाच्या फांद्या खोचल्या तरी फुटतात.

पात्रात दगडी स्पर (धार वळवायला काठापासून पात्रात काढलेला बांध) घाला, असा आग्रह बरेच जण धरतात. चुकीच्या जागी घातला तर धार समोरच्यांच्या काठावर जाते आणि भांडण तुमच्या दारात येतं. पात्रातल्या कोणत्याही कामाला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय आमचं मशीन नदीत उतरत नाही.

पाहणीला बोलावताना सातबारा, गटाचा नकाशा आणि पूर ओसरल्यानंतरचे फोटो हाताशी ठेवा. रानाचं पाणी कडेवरून नदीत सोडणारा चर असेल तर तो आत्ताच बुजवा आणि पाणी पाइपने पायथ्यापर्यंत न्या. त्यासाठी आम्हाला बोलवायची गरज नाही.