सार्वजनिक शाळांतील व्यावसायिक प्रायोजकत्व व जाहिरात

शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निधीवर चालणाऱ्या शाळांना पैसा, वस्तू वा सेवा पुरवून त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्यांपुढे आपले नाव, बोधचिन्ह किंवा उत्पादन मांडण्याचा हक्क खासगी कंपनीने मिळवणे, असे या व्यवहाराचे स्वरूप आहे. देणगीहून तो वेगळा ठरतो तो कराराच्या अटींमुळे. देणगीदाराचे नाव कोनशिलेवर कोरले जाते, पण मुलांनी काय पाहावे किंवा काय विकत घ्यावे याविषयी त्याने शाळेला बांधून घेतलेले नसते. प्रायोजक नेमके तेच करतो. शाळेत येणे मुलांना सक्तीचे असते आणि वर्गात दाखवलेल्या गोष्टीला शिक्षकाची संमती आहे असे ती धरून चालतात, म्हणून इथली जाहिरात रस्त्यावरच्या फलकापेक्षा कितीतरी परिणामकारक होते. या प्रथेचा सर्वाधिक विस्तार आणि तिच्यावरची सर्वांत प्रखर चर्चा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली.

उद्योगांकडून फुकट येणाऱ्या शैक्षणिक साहित्याचा प्रश्न तेथे जुनाच आहे. नॅशनल एज्युकेशन असोसिएशन या शिक्षक संघटनेच्या समितीने शाळांतील प्रचारसाहित्यावर १९२९ मध्येच अहवाल सादर केला होता. मात्र जाहिरातीला खरा वाव मिळाला तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत. अमेरिकन शाळांच्या निधीचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. कॅलिफोर्नियात १९७८ साली जनमताने संमत झालेल्या ‘प्रपोझिशन १३’ ने या कराची कमाल मर्यादा मालमत्तेच्या निर्धारित मूल्याच्या एक टक्क्यावर आणली आणि करकपातीची मागणी इतर राज्यांतही पसरली. खर्च वाढत असताना उत्पन्न आखडलेल्या शालेय मंडळांपुढे कंपन्यांचे प्रतिनिधी करारनामे घेऊन आले.

त्यांतील सर्वांत गाजलेला करार ‘चॅनेल वन’ या दूरचित्रवाणी सेवेचा होय. ख्रिस व्हिटल या प्रकाशन-उद्योजकाने १९८९ मध्ये तिचा प्रयोग केला आणि १९९० मध्ये ती देशभर सुरू केली. शाळेला डिश अँटेना, व्हीसीआर आणि वर्गावर्गांत दूरचित्रवाणी संच वापरायला मिळत. त्या बदल्यात बारा मिनिटांचा वार्तापट शाळेच्या नव्वद टक्के दिवशी आणि ऐंशी टक्के वर्गांत दाखवण्याचे बंधन असे. या बारा मिनिटांपैकी दोन मिनिटे जाहिरातींची होती. ऐन भरात ही सेवा सुमारे १२ हजार शाळांत आणि ८० लाख विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत होती. वर्षाला १८० शालेय दिवस धरल्यास कार्यक्रमाचे ३६ तास होतात, आणि त्यांतील सहा तास, म्हणजे जवळजवळ एक संपूर्ण शालेय दिवस, केवळ जाहिराती पाहण्यात जातो. करदात्यांच्या पैशाने चाललेला हा वेळ किती किमतीचा, याचा हिशोब अर्थतज्ज्ञ मॅक्स साविकी आणि शिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स मोलनार यांनी १९९८ मध्ये मांडला: देशभरात वर्षाला सुमारे १८० कोटी डॉलर, पैकी निव्वळ जाहिरातींपोटी सुमारे ३० कोटी. फुकट मिळालेल्या संचांची किंमत त्यापुढे किरकोळ ठरते.

ही सेवा गरीब वस्तीतील शाळांनी अधिक प्रमाणात स्वीकारल्याचे मायकेल मॉर्गन यांच्या १९९३ च्या अभ्यासात आढळले, आणि या प्रथेविषयीचा हा सर्वांत गंभीर आक्षेप म्हणावा लागेल. पुस्तकांना पैसा नसलेल्या शाळेला नकार देणे परवडत नाही. वार्तापट पाहणाऱ्या मुलांचे जाहिरातीतील उत्पादनांविषयीचे मत न पाहणाऱ्यांपेक्षा अधिक अनुकूल असते, असेही संशोधनातून दिसून आले. न्यूयॉर्क राज्याने या सेवेला सुरुवातीलाच मज्जाव केला. ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर आणि परंपरावादी नेत्या फिलिस श्लाफ्ली एरवी क्वचितच एका बाजूला असत, पण चॅनेल वनला दोघांनीही विरोध केला. १९९९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे या विषयाची सुनावणी झाली. पुढे इंटरनेट वर्गात आल्यावर सेवेचे महत्त्व ओसरत गेले आणि अनेक मालक बदलून २०१८ मध्ये ती बंद पडली.

दुसरा मोठा प्रकार शीतपेयांच्या अनन्य विक्रीहक्काचा. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील ‘डिस्ट्रिक्ट ११’ या शालेय जिल्ह्याने (म्हणजे त्या भागातील सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने) १९९३ मध्ये शाळेच्या बसगाड्यांवर जाहिरातींना परवानगी दिली होती. १९९७ मध्ये त्याने कोका-कोलाशी दहा वर्षांचा, किमान ८० लाख डॉलरचा करार केला. पहिल्या तीन वर्षांपैकी एका वर्षी तरी ७० हजार खोकी विकली गेली, तरच पुढील रकमेची हमी होती. विक्री मागे पडताच १९९८ मध्ये जिल्ह्याच्या एका अधिकाऱ्याने मुख्याध्यापकांना पत्र पाठवून विक्रीयंत्रे दिवसभर मुलांच्या हाताशी राहतील अशी ठेवावीत आणि पेये दिवसभर विकत घेऊन पिण्याची मुभा द्यावी, असे सुचवले. मुलांच्या आरोग्याची जबाबदारी असलेली यंत्रणाच कराराच्या एका अटीमुळे साखरपाण्याची विक्रेती कशी बनते, हे या पत्राने दाखवून दिले. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील एका शाळेत ‘कोक दिन’ साजरा होत असताना पेप्सीचा शर्ट घातला म्हणून एका विद्यार्थ्याला निलंबित करण्यात आले आणि ही बातमी देशभर पोहोचली.

इतर प्रकार अनेक आहेत. पुस्तके वाचणाऱ्या मुलांना पिझ्झा हटची कुपने देणारी ‘बुक इट’ योजना १९८० च्या दशकापासून चालू आहे. न्यू जर्सीतील ब्रुकलॉन येथील प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेला २००१ मध्ये वीस वर्षांत मिळणाऱ्या एक लाख डॉलरच्या बदल्यात ‘शॉपराइट’ या किराणा दुकानाचे नाव देण्यात आले. कोळसा उद्योगाच्या पैशातून चौथीसाठी तयार झालेले ऊर्जाविषयक साहित्य एकांगी असल्याची टीका होताच स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये मागे घेतले. पाठ्यसाहित्यातील असा हस्तक्षेप फलकापेक्षा अधिक घातक मानला पाहिजे, कारण तो जाहिरात म्हणून ओळखूच येत नाही.

नियंत्रण आले ते मुख्यतः लठ्ठपणाच्या चिंतेतून. लॉस एंजेलिसच्या शालेय मंडळाने २००२ मध्ये शीतपेयांच्या विक्रीवर बंदीचा निर्णय घेतला. २००६ मध्ये प्रमुख शीतपेय कंपन्यांनी जास्त उष्मांकाची पेये शाळांतून काढून घेण्याचे मान्य केले. २०१० च्या ‘हेल्दी, हंगर-फ्री किड्स ॲक्ट’ या शालेय आहारविषयक कायद्याखालील २०१६ च्या नियमानुसार पोषणाच्या निकषांत बसणाऱ्या खाद्यपेयांचीच जाहिरात शाळेच्या वेळेत आवारात करता येते. कंपन्यांनी त्यावरही उपाय शोधला आहे: निकषांत बसेल अशी वेगळी कृती वापरून तेच नाव आणि तसेच वेष्टन असलेला खाऊ या कंपन्या शाळेत विकतात, आणि मुलाच्या मनात बाजारातील मूळ खाऊचीच ओळख पक्की होते.

भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि त्यातील मोठा वाटा शिक्षणाकडे जातो. उत्पादनाच्या विपणनासाठी केलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही, असे २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘दत्तक शाळा योजना’ जाहीर केली. तीत ठरावीक मूल्याच्या मदतीच्या बदल्यात देणगीदाराने सुचवलेले नाव पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळेच्या नावाला जोडण्याची तरतूद होती. मोठ्या महानगरपालिकांच्या शाळांसाठी ही मदत पाच वर्षांना दोन कोटी, तर ग्रामीण शाळांसाठी पन्नास लाख रुपये अशी ठरवली गेली. हे शाळांचे खासगीकरण असल्याची टीका शिक्षक संघटना व विरोधी पक्षांनी केली. शासनाच्या मते हा लोकसहभाग होता. नावाला मुदत आणि दर लावला की व्यवहार देणगीच्या बाजूने राहत नाही, तो प्रायोजकत्वाकडे झुकतो. खाद्यपदार्थांपुरते पाहिल्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी मेद, मीठ किंवा साखर जास्त असलेल्या पदार्थांची विक्री व जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत निषिद्ध केली आहे.