सांडपाण्यावरील सूक्ष्मशैवाल संवर्धन

नायट्रोजन व फॉस्फरस भरपूर असलेल्या सांडपाण्यात एकपेशीय शैवाल वाढवून पाणी शुद्ध करण्याची आणि त्यातून उपयोगी जैवभार (शैवालाचा सेंद्रिय माल) मिळवण्याची पद्धत. घरगुती मैलापाणी आणि गोठ्यांचे धुवण यांवर ती चांगली चालते. क्लोरेला, सीनडेस्मस या प्रजाती अशा पाण्यात मुद्दाम न सोडताही फोफावतात.

मैल्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवणाऱ्या जीवाणूंना ऑक्सिजन लागतो. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात तो हवा फुंकून पुरवावा लागतो व विजेचा मोठा वाटा त्यावरच जातो. येथे ते काम सूर्यप्रकाशात शैवाल करते. जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याला परत मिळतो. कार्बन डायऑक्साइड शोषला गेल्याने भर दुपारी पाण्याचा सामू (पीएच) ९ च्या वर चढतो. मग काही अमोनिया वायुरूपाने उडून जातो, फॉस्फेटाचा साका तळाशी बसतो आणि रोगजंतूही मरतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विल्यम ऑस्वल्ड यांनी १९५० च्या दशकात यासाठी खास तलाव विकसित केले. शर्यतीच्या धावपट्टीसारखा बंद वळणाचा चर, सुमारे ३० सेंमी खोल, आणि पाणी संथपणे फिरवणारे वल्ह्यांचे चाक एवढीच त्याची रचना. उथळपणामुळे ऊन तळापर्यंत पोचते, पण त्यासाठी जागा फार लागते. दाट वस्तीच्या शहरांत ही पद्धत रुजली नाही, याचे हेच मुख्य कारण. भारतात अधिक खोल, न ढवळलेल्या स्थिरीकरण तलावांवर (मैलापाणी साठवून आपोआप शुद्ध होऊ देणाऱ्या तलावांवर) नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९५८) बरेच काम केले.

खरी अडचण काढणीची आहे. शैवाल पाण्यातच राहिले, तर त्याने शोषलेले नायट्रोजन व फॉस्फरस नदीतच जातात. प्रदूषणाने फक्त हिरवे रूप घेतलेले असते. पेशी काही मायक्रोमीटरच्या, घनता जवळपास पाण्याइतकीच, शिवाय पृष्ठभागावर ऋण विद्युतभार, त्यामुळे त्या एकत्र येत नाहीत आणि लवकर बसत नाहीत. लिटरभर पाण्यातून कोरडा जैवभार साधारण अर्ध्या ग्रॅमहूनही कमी निघतो. तुरटीने गुठळ्या होतात, पण ॲल्युमिनियम मिसळल्याने तो जैवभार पशुखाद्याला चालत नाही. वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या अपकेंद्री यंत्राला वीज फार लागते. तळाशी आपोआप बसलेल्या शैवालाचा काही भाग पुन्हा तलावात सोडल्यास सहज बसणाऱ्या जाती हळूहळू वरचढ होतात. हा उपाय सर्वांत स्वस्त.

कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत ही काढणी मासे करतात. तेथील भेरींमध्ये, म्हणजे उथळ मत्स्यतलावांत, शहराचे मैलापाणी बेताबेताने सोडतात, उन्हात पाणी हिरवे होऊ देतात आणि मग त्यात रोहू, कटला, मृगळ व चंदेरी कार्प वाढवतात. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या पाणथळीला २००२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला. ही व्यवस्था मच्छीमारांनी अनुभवातून उभी केली, आणि शैवाल पाण्याबाहेर काढण्याचा याहून साधा मार्ग दिसत नाही. मात्र कारखान्यांचे पाणी मिसळले, तर जड धातू शैवालातून माशांत उतरतात. म्हणून असा जैवभार बायोगॅससाठीच वापरणे योग्य.